जुनी उंची मोटार आणि धन्याचा हात

हल्ली सभासद बंधूंच्या भेटीस गेले असता कित्येकांच्या अंगणात ट्रॅक्टराच्या शेजारी एक नवी पाहुणी उभी असलेली दिसते. ही पाहुणी म्हणजे चारही चाकांना जोर पोहोचविणारी, उंच बांध्याची, आत कातड्याच्या गाद्या असलेली उंची मोटार होय. ती कोरी नसते. दहाबारा वर्षे शहरात कोणा धनिकाकडे वापरून झालेली असते. उसाचे बिल हाती आले, द्राक्षांस बरा भाव लागला, अथवा रस्त्याकरिता गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला, म्हणजे असा सौदा होतो. त्यावर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. शेतकऱ्याने चांगल्या वाहनात बसू नये, असा दंडक कोणी घातलेला नाही. मात्र अशी मोटार घ्यावी की न घ्यावी, ही विचारणा आमच्याकडे वारंवार होते. सबब आमचे मत एकदा स्पष्टपणे मांडणे आम्हांस इष्ट वाटते. ते थोडक्यात असे: ज्यास तिची नित्याची निगा व लहानसहान दुरुस्ती स्वतःच्या हाताने करावयाची तयारी आहे, त्याने ती खुशाल घ्यावी, ज्यास ती तयारी नाही, त्याने ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

हे मत कोणास कठोर वाटेल. परंतु हिशेब मांडून पाहिला म्हणजे त्यातील कठोरपणा नाहीसा होतो. अशी मोटार स्वस्त का मिळते, हे प्रथम पाहिले पाहिजे. काही मोटारी केवळ वयामुळे स्वस्त होतात. काही कायद्यामुळे होतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल मोटारींस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मनाई केली व २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, त्यानंतर तिकडच्या कित्येक मोटारी इतर राज्यांच्या बाजारांत आल्या. आणि काही मोटारी अशासाठी स्वस्त होतात की, पुढे येणारा खर्च पहिल्या मालकास दिसू लागलेला असतो. कारण काहीही असो, एक गोष्ट सर्वांस सारखीच लागू आहे. वर्षामागून वर्ष मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या भागांची किंमत उतरत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या कोऱ्या मोटारीस जो कॉम्प्रेसर लागत होता, तोच आजही लागतो, व त्याचे दाम त्या वेळच्या श्रीमंताच्या खिशाकडे पाहून ठरलेले असतात. म्हणजे विकत घेताना आपण जुन्या मोटारीचा भाव देतो आणि सांभाळताना नव्या मोटारीचा. चार आण्यांची कोंबडी व बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. ह्या मसाल्यातील भागांची किंमत कमी करणे आपल्या हाती नाही. परंतु मजुरी, चुकीचे निदान व दुर्लक्षाने वाढलेले नुकसान, ह्या तीन बाबी मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहेत.

ही वाहने मुळात शेतकऱ्याच्या हातासाठीच निर्माण झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स ह्यांची वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती व तेथे ते युद्धातून उरलेली एक अमेरिकन जीप वापरीत. ती झिजल्यावर पुढे काय, ह्या विचारातून लँड रोव्हर जन्मास आली व ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅम येथील प्रदर्शनात लोकांपुढे मांडली गेली. युद्धोत्तर टंचाईमुळे पोलाद मिळेना, म्हणून तिचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. शेतातील यंत्रे चालविण्याकरिता तिला ट्रॅक्टराप्रमाणे शक्ती बाहेर घेण्याची सोयही ठेवलेली होती. पुढे १९७० साली त्याच घराण्यात रेंज रोव्हर आली. तिला पाट्यांच्या ऐवजी कमानींचे वेटोळे, चारही चाकांस डिस्क ब्रेक व साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन होते. तरीही आतील भाग असा साधा होता की, चिखलाचे बूट घालून बसावे व संध्याकाळी नळीने धुऊन काढावे. ऐषआराम मागाहून आला. १९९२ साली तिच्यात विजेच्या नियंत्रणाने चालणाऱ्या हवेच्या कमानी बसविल्या गेल्या. त्यानंतर संगणकांची संख्या वाढत गेली. आज तिचे घराणे आपल्यास परके राहिलेले नाही. २००८ साली टाटा मोटर्सने ती कंपनी विकत घेतली व २०११ पासून पुण्यास तिच्या काही गाड्यांची जुळणी सुरू झाली. इतर देशांच्या अशा मोटारींचीही कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. कातडे व काच बाजूला केली, तर खाली धुरा, डिफरन्शिअल, बेअरिंगे व वंगण हीच जुनी मंडळी भेटतात, आणि ट्रॅक्टर बाळगणाऱ्यास ती अनोळखी नाहीत.

येथे आमच्या पाहण्यातील एक प्रकार सांगणे उपयोगी होईल. आमचे एक स्नेही ऊस बागाईतदार आहेत. त्यांनी अशी एक मोटार घेतली होती. तिच्या कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एका पावसाळी सकाळी मोटार सुरू करताच समोरच्या फळीवर ब्रेकचा, गिअरचा व हवेच्या कमानींचा, असे तिन्ही इशाऱ्याचे दिवे एकदम लागले आणि गाडी मागून खाली बसली. शहरातील एका दुरुस्तीच्या कारखान्याने कॉम्प्रेसर व नियंत्रक पेटी बदलण्याचे जे अंदाजपत्रक दिले, त्या रकमेत एकदोन एकर ठिबक आरामात बसले असते. स्नेही कारखान्याकडून ऊसबिलाची उचल घेण्याच्या विचारात होते. त्यांच्या धाकट्या चिरंजीवांस विहिरीवरील मोटारीचा स्टार्टर दुरुस्त करण्याची सवय. त्यांनी बापास एक दिवस थांबण्यास सांगितले व बॅटरीला मीटर लावला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. येथे आकडा १२ च्याही खाली होता, व स्टार्टर मारताच तो ९ च्या खाली कोसळत होता. पुढे पाहता, बॅटरीपासून सांगाड्यास जाणारी अर्थिंगची पट्टी हिरव्या किटणाने खाल्लेली आढळली. पट्टी व बॅटरी दोन्ही नवी घातली, तेव्हा तीनपैकी दोन दिवे विझले. तिसरा राहिला. मग साबणाचे पाणी घेऊन मागील कमानींच्या रबरी फुग्यांवर सोडले, तेव्हा उजव्या फुग्याच्या घडीत बारीक बुडबुडे दिसले. सायकलची ट्यूब ज्याने तपासली आहे, त्यास ही परीक्षा शिकवावी लागत नाही. मागचे दोन्ही फुगे बदलले. कॉम्प्रेसर व पेटी दोन्ही शाबूत निघाली.

त्या कारखान्याने मुद्दाम फसविले, असे आम्ही म्हणत नाही. संगणकाने ज्या भागाचे नाव सांगितले तो बदलावयाचा, ही तेथील रीत आहे. परंतु संगणक दोषाचे लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. आणि विजेचा दाब अपुरा असला म्हणजे निरोगी भागही आजारी असल्याची खबर तो देतो. कारण शोधण्यास वेळ लागतो, व मालकाइतका वेळ त्या मोटारीस दुसरा कोण देणार? शेतावर धन्याची नजर फिरली नाही म्हणजे काय होते, हे आपणांस सांगावयास नकोच. मोटारीचेही तेच आहे. शिवाय, हवेची गळती वेळीच सापडली नसती, तर तो कॉम्प्रेसर गळलेली हवा भरून काढण्याकरिता रात्रंदिवस धावून खरोखरच जळाला असता. लहान दोष मोठ्या दोषास जन्म देतो, हा ह्या मोटारींचा स्वभावच आहे.

तेव्हा मालकाने स्वतः काय करावे? आमच्या मते पहिले काम तेलांचे. इंजिनाचे तेल व गाळणी बदलणे हे ट्रॅक्टरवाल्यास नवे नाही. मात्र तेल त्या इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच असावे, ट्रॅक्टराच्या डब्यातले उरलेले नसावे. ह्याशिवाय पुढील डिफरन्शिअल, मागील डिफरन्शिअल व ट्रान्स्फर केस अशा तीन ठिकाणी निराळे तेल असते व तेथे कित्येक मालक वर्षानुवर्षे डोकावतही नाहीत. धावून तापलेला धुरा ओढ्याच्या गार पाण्यात शिरला म्हणजे आतील हवा आकसते, आणि श्वासनळी तुंबलेली असल्यास धुऱ्याच्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. म्हणून पाण्यातून गाडी काढल्यावर थोड्याच दिवसांत त्या तेलाचा थेंब काढून पाहावा; तो दुधाळ दिसला, तर तेल ताबडतोब बदलावे. चारशे रुपयांच्या दुर्लक्षाने चार लाखांचा धुरा जाऊ शकतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती थोडीच ठरेल.

दुसरे काम इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे. ठिबकच्या नळ्या क्षारांनी कशा तुंबतात, हे आपण दर हंगामात पाहतो. विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये घातले, तर तेथेही तेच घडते, व अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन आतून खाल्ले जाते. कूलंट सांगितलेल्या जातीचा घ्यावा व बहुधा अर्धा कूलंट, अर्धे शुद्ध केलेले पाणी ह्या प्रमाणात भरावा. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आणखी एक इशारा गुरांकरिता: पुष्कळ कूलंटांत असणारे ग्लायकॉल चवीला गोड पण जहरी असते. काढलेला कूलंट परातीत उघडा ठेवला, तर कुत्रे व वासरे तो पितात. तो झाकून ठेवावा. गोठ्याजवळ वा विहिरीच्या काठी ओतू नये. जळके तेलही बांधावर न टाकता, ते गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्यावे.

तिसरे काम ब्रेकच्या तेलाचे, व ह्यात घरच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ जातीच्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. ही मोटार दोन टनांहून जड असते. ती भरलेली असताना कुंभार्ली वा आंबा घाट उतरताना ब्रेक तापले व तेल उकळले, तर पायाखालची पट्टी नुसती खाली जाते व गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी हे तेल बदललेच पाहिजे. ब्रेकचे पॅड किती उरले, हे चाक काढून स्वतः पाहावे. परंतु तेल बदलून हवा काढण्याचे काम पहिल्या खेपेस जाणत्याच्या समोरच करावे.

चौथे काम टायरांचे. चारही चाकांस सदोदित जोर असणाऱ्या गाडीत चारही टायर एका मापाचे व जवळपास सारखे झिजलेले असावे लागतात. काटकसर म्हणून दोनच नवे घातले, तर चाकांच्या घेरात फरक पडतो व मधले डिफरन्शिअल नाहक झिजते. त्याचबरोबर चाकांजवळील रबरी बूट चिरलेले नाहीत ना, हेही पाहावे. चिरलेल्या बुटातून उसाच्या वाहतुकीच्या दिवसांतील धूळ आत जाते, व पुढे गाडी वळविताना सांध्यातून टकटक ऐकू येऊ लागते.

ह्या सर्व कामांस लागणारी हत्यारे फार नाहीत: चांगल्या पान्यांचा संच, विजेचा मीटर, ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना, दोन भक्कम लोखंडी घोड्या व दोषसंकेत वाचणारे लहानसे यंत्र. टॉर्क पान्याचा कंटाळा करू नये. अ‍ॅल्युमिनियममधील आटे बैलाच्या जोराने आवळले की गेलेच. आणि घोड्यांचा तर मुळीच नाही. जॅकवर अथवा केवळ हवेच्या कमानींवर उभ्या असलेल्या मोटारीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. हवा सुटताच ती गाडी वीतभर खाली येते, व खालच्या माणसास ओरडण्यासही अवकाश मिळत नाही.

आता काय करू नये तेही सांगितले पाहिजे, कारण उत्साहास लगाम नसेल तर आमचा उपदेश उलट अपायकारक होईल. टायमिंगचा पट्टा बदलण्याची खास कुलपे व अनुभव हवा. पट्टा चुकीचा बसला, तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. हा पट्टा मात्र किलोमीटरांबरोबर वर्षांवरही मोजावयाचा असतो, व तो केव्हा बदलला ह्याचा लेखी पुरावा विकणाऱ्याकडे नसेल, तर बदललेलाच नाही असे समजून सौदा करावा. अपघातात फुगणाऱ्या सुरक्षा पिशव्यांच्या तारांस हात लावू नये. डिझेल इंजिनातील इंजेक्टरच्या नळीत दीड हजार बारहून अधिक दाब असू शकतो; तेथील गळती बोटाने चाचपणाऱ्याच्या कातडीतून डिझेल आत शिरते व हात गमावण्याची पाळी येते. आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीचे तेलही ठरावीक तापमानास मोजावे लागते. ते जाणत्याकडून करवावे. परंतु “हे तेल आयुष्यभर पुरते” ह्या बोलण्यावर विसंबू नये. आयुष्य कोणाचे, हे त्यात सांगितलेले नसते.

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, शेतकऱ्यास वेळ कोठे आहे? आमचे उत्तर असे की, महिन्यातून एक सकाळ पुरते. आणि मोटार शहरातील कारखान्यात पोहोचवून, तेथे ताटकळून, पुन्हा आणावयास जाण्यात ह्याहून अधिक दिवस मोडतात. दुसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच खरा आहे. एवढ्या मोठ्या मोटारीचा धनी तिच्याखाली निजून हात काळे करतो, हे गावास कसे दिसेल? ज्या पाटलाच्या दारी मोटार शोभेसाठी येते, त्यास हा विचार सतावतो. त्यास आम्ही इतकेच विचारतो: आपल्या वडिलांनी बैलाच्या खुरात रुतलेला काटा स्वतः काढला, तेव्हा त्यांची पत कमी झाली काय? उलट, खिल्लारी जोडी घेणाऱ्यास बैलाचे दात पाहता आले नाहीत, तर बाजारात हसे त्याचेच होई. पत जाते ती हप्ते थकल्यावर, व नाकापेक्षा मोती जड झाल्यावर.

म्हणून सौदा करण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. मोटार थंड असताना पाहावी व ती रात्रभर एका उंचीवर उभी राहते का, हे सकाळी जाऊन तपासावे. मागील निगेची नोंदवही मागावी. आणि मोटारीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीकरिता वेगळी रक्कम बाजूस काढावी. ती उचल घेऊन वा पीककर्जातून काढावी लागत असेल, तर तो सौदा तेथेच सोडावा. ज्यास खरोखर रान तुडवावयाचे आहे, त्याचे काम साध्या जीपनेही होते. घेतल्यावर मात्र घरात एक वही असावी व प्रत्येक तेल, प्रत्येक भाग, प्रत्येक रुपया तारखेनिशी तीत उतरावा. ह्या वहीनेच पुढे विकताना भाव मिळतो.

शेवटी संस्थेस एक सूचना करून हा लेख पुरा करतो. टॉर्क पाना, घोड्या, व मोटारीच्या जातीप्रमाणे लागणारी महाग निदानयंत्रे प्रत्येकाने विकत घेण्याचे कारण नाही. फवारणीची यंत्रे व पेरणीयंत्रे आपण जशी संस्थेमार्फत भाड्याने देतो, तशीच ही हत्यारेही ठेवता येतील. गावोगावी आयटीआय झालेले तरुण कामाच्या शोधात आहेत. त्यांपैकी एकास संस्थेच्या आवारात बसविले, तर त्यासही काम मिळेल व धन्यासही आपल्या मोटारीजवळ उभे राहून शिकता येईल. मेस्त्रीच्या पोटावर पाय देण्याचा हा मार्ग नव्हे. समजून काम सांगणारे गिऱ्हाईक चांगल्या मेस्त्रीस नेहमीच आवडते. मोटार दारी आणणे पैशाने साधते. ती दारी राखणे हाताने साधते. ज्याची हाताची तयारी आहे, त्याच्या मोटारीत बसून घाट उतरण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत.